पोळ्याआधीची ताकद

वामन फुटबॉलची मॅच बघायला उभा राहिला की चेंडूकडे बघत नसे. साऱ्या मैदानाच्या माना चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरत असत आणि हा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून भलतीकडेच बघत असे. ज्याच्या पायातून चेंडू नुकताच गेला, त्या खेळाडूकडे. "गोल मारताना सगळेच देव दिसतात," तो म्हणायचा. "चेंडू गेल्यावर माणूस काय करून राहिला, ते पाह्य. मागं धावला, का कमरेवर हात ठेवून उभा राहिला? तिथं समजते त्याची ताकद."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दर कॉलेजात एखादा असतोच, ज्याला सगळ्या संघांची नाडी कळते. पण वामनसारखा मी दुसरा पाहिला नाही. त्याचे अंदाज कधी चुकत नसत. एकदाच चुकला, आणि मग तो जणू त्या चुकीतच राहायला गेला.

तेव्हा आमचा अजून मध्यप्रांत होता. जबलपूरच्या कॉलेजांचा विद्यापीठाच्या स्पर्धेत एक गट असे. गटात आम्ही धरून चार संघ, आणि जो पहिला येईल तो नागपूरला जाई. स्पर्धा पोळ्यानंतर सुरू व्हायची, पण शहराची खरी स्पर्धा त्याच्या आधीच, श्रावणातच सुरू झालेली असे. कोणाकडे नवा गोली आलाय, कोणाचा सेंटर फॉरवर्ड नापास होऊन घरी बसलाय, याची चर्चा कमानिया गेटपाशी जलेबीच्या दुकानासमोर चाले. गेट तेव्हा नवंकोरं होतं. त्याच्या सावलीत आम्ही हातात खोव्याच्या जलेबीचे द्रोण घेऊन उभे राहायचो आणि वामनला विचारायचो, "हं, पंचांग, सांग या वर्षीचं." पंचांग हे त्याचं नाव आम्हीच पाडलेलं. त्याचे वडील अमरावतीकडून येऊन इथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले होते, आणि पोरानं वकील व्हावं एवढी एकच त्यांची इच्छा होती.

वामन आधी आढेवेढे घ्यायचा. "पोळ्याआधी बैलाची ताकद सांगू नये. शिंगं रंगवली की सगळेच जोरकस दिसतात." आणि एवढं म्हणून झालं की सांगायला लागायचा. एक संघ बूट घालून खेळे. बाकी आम्ही सगळे घोट्याला पट्ट्या बांधून अनवाणी. "बूटवाले आत्ता शेर हाय," वामन म्हणायचा. "चिखल आहे तोवर. दसऱ्याला मैदान वाळलं, की तेच बूट त्यांच्या पायात दगड होते." दुसरा संघ शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचा होता, निम्मे लग्न झालेले. "मास्तर लोक डोक्यानं खेळतात. पण दिवाळी जवळ आली की त्यांचं डोकं घरी जाते, मग पाय एकटे काय करतील?" तिसऱ्या संघाबद्दल तो एकच वाक्य बोले, "ते अजून एकमेकांची नावं शिकून राहिले." आम्ही हसायचो, आणि दिवाळीपर्यंत अगदी तसंच घडायचं. बूटवाले वाळल्या मैदानावर घसरायचे, मास्तरांचे दोघेतिघे गावाला निघून जायचे.

"आणि आपलं?" मी विचारलं. हे त्याच्या शेवटच्या वर्षाचं. तो कॅप्टन होता आणि मी लेफ्ट बॅक. वामननं द्रोणातला पाक बोटानं पुसून खाल्ला. मग म्हणाला, "आपली डावी बाजू थांबवेल असा कोणी या गटात नाही, नान्या. नागपुरातही नसंल."

डावी बाजू म्हणजे शिवचरण. आम्ही त्याला शिब्बू म्हणायचो. तो कुंडमचा, तिकडच्या जंगलातल्या एका मालगुजार जमीनदाराच्या मुंशीचा मुलगा. आई लहानपणीच गेलेली, एक बहीण, तिचंही लग्न झालेलं. अंगानं किडकिडीत, बोलायला लाजरा. आमच्यात कोणी मराठीत विनोद केला की तो आधी वामनच्या तोंडाकडे बघे, वामन हसला की मग हसे. पण डाव्या कडेनं धावायला लागला की असा धावे, की समोरचा बॅक नुसता वळून वळून दमायचा. वामन सेंटर हाफ होता. तो मान न वळवता डावीकडे चेंडू सोडायचा, रिकाम्या जागेत, आणि चेंडू पोचेपर्यंत शिब्बू तिथं आलेला असायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, पास चुकला. मी मागून रोज बघत होतो, तरी दर वेळी मलाही तसंच वाटायचं. एकदा मी शिब्बूला विचारलं, तुला कसं कळतं? तो म्हणाला, "भैया, वामन भैया जब इधर नहीं देखते, तभी समझ जाता हूँ।"

त्या वर्षी राखीला शिब्बू घरी कुंडमला गेला, बहीण माहेरी आली होती, आणि दोन-चार दिवसांनी मोटारलॉरीनं परत आला. दुसऱ्या दिवशी आमची मैत्रीची मॅच होती, छावणीतल्या गोऱ्या पलटणीच्या संघाशी. स्पर्धेशी तिचा काही संबंध नव्हता. पण गटातले बाकीचे तिन्ही संघ ती बघायला येणार होते, आमचं वजन करायला. वामनला हे पुरतं ठाऊक होतं. "पोळ्याआधीच दहशत बसली पाहिजे," तो आम्हाला म्हणत होता. "मग पुढच्या अर्ध्या मॅचेस ते घरूनच हरून येतील."

कपडे बदलायच्या खोलीत शिब्बू भिंतीला टेकून बसला होता. पट्टी अर्धवट बांधलेली. मी म्हटलं, याचं अंग तापलंय. वामन आला, त्याच्या कपाळाला हात लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. त्याचा तो हात मला आजही दिसतो. "कल लॉरी में बैठा, थक गया है," तो म्हणाला. "खेलेगा तो पसीना आएगा, उतर जाएगा। खेलेगा ना?"

"खेलूँगा, भैया।"

तो खेळला. त्या दिवशी तो जसा खेळला तसा कधीच खेळला नव्हता. बुटातले ते धिप्पाड गोरे त्याच्यामागे चिखलात आपटत होते, आणि शेवटी त्यानं गोल मारला तेव्हा पलटणीचा सार्जंट स्वतः टाळ्या वाजवत होता. मैदानाच्या कडेला बूटवाल्यांचा कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभा होता. वामननं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मला हळूच कोपर मारलं. तो इतका खूश मला पुन्हा कधी दिसला नाही.

मॅच संपल्यावर शिब्बूला घाम आला नव्हता. अंग कोरडं आणि तापलेलं होतं. होस्टेलवर जाताना तो बरळायला लागला. आम्ही त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, जंगलातला हिवताप आहे, मेंदूत चढलाय. वामन त्याच्या खाटेपाशी स्टुलावर बसून राहिला. घरी जेवायला गेला नाही, कॉलेजात आला नाही. कुंडमला माणूस पाठवला, पण पावसानं मधले नाले भरून वाहत होते, लॉरी बंद होती. निरोप पोचला की नाही तेही कळेना. त्याच आठवड्यात, पहाटेच्या सुमारास, शिब्बू गेला.

वामननं डॉक्टरांना विचारलं, "त्या दिवशी खेळला नसता तर?" डॉक्टर म्हातारे होते, दयाळू होते. म्हणाले, "या तापात खाटेवर पडून राहिलेलेही जातात. तसं सांगता येत नाही." खाली उतरताना जिन्यात वामन मला म्हणाला, "डॉक्टर दुसरं काय म्हणतील बे?"

कुंडमहून कोणी येईना आणि पावसाळ्यात देह ठेवता येईना. दुपारपर्यंत वाट पाहून आम्ही ग्वारीघाटावर गेलो. नर्मदा गढूळ, काठोकाठ. भटजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वामन पुढे झाला.

शिब्बूचे वडील, मुंशीजी, आले ते नंतर. नाल्याकाठी अडकून, मग बैलगाडीनं, मग पायी. उंच, वाकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. होस्टेलच्या व्हरांड्यात आम्ही सगळे उभे राहिलो. ते रडले नाहीत. त्यांनी विचारलं, "आग किसने दी?"

"मैंने," वामन म्हणाला. आणि कोणी विचारलं नसताना पुढे बोलला, "मुंशीजी, उसे बुखार था। मैंने हाथ लगाकर देखा था। फिर भी मैंने खिलाया।"

मुंशीजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग शिब्बूची पत्र्याची पेटी उचलली आणि चालू लागले. ते ओरडले असते, हात उगारला असता, तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं, असं मला वाटतं.

पोळा झाला, स्पर्धा सुरू झाली. आमच्या डाव्या बाजूला दुसरा मुलगा आला. चांगला होता, मन लावून खेळे. पण पहिल्याच मॅचमध्ये वामननं मान न वळवता चेंडू डावीकडे सोडला, रिकाम्या जागेत. तो मुलगा खूप मागे होता. चेंडू गवतावरून सरळ घरंगळत गेला आणि कडेच्या रेषेबाहेर पडला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, मग पुन्हा. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "अरे भैया, उधर है कौन?" लोक हसले. मी मागे उभा होतो. मला हसू आलं नाही, कारण एकदा तो चेंडू तसा जात असताना मीही क्षणभर वाट पाहिली होती.

हाफटाइमला मी त्याला बाजूला घेतलं. "वामन, तो तिथं नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग काहून देऊन राहिला?"

तो ओठ पुसत म्हणाला, "मी देत नाही, नान्या. आपोआप जाऊन राहिला." त्याचे डोळे कोरडे होते आणि त्यात मला भीती दिसली.

आम्ही तिन्ही मॅचेस हरलो. जे एकमेकांची नावं शिकत होते त्यांच्याशीसुद्धा. नागपूरला बूटवाले गेले. त्यानंतर वामननं कोणत्याही संघाबद्दल काही सांगितलं नाही. जलेबीच्या दुकानासमोर कोणी म्हटलं, पंचांग, बूटवाले नागपुरात काय करतील, तर तो छत्री उचलून निघून जायचा. पुढे आम्ही ते नाव घेणंच सोडलं.

बी.ए. झाल्यावर तो वकिलीला जाईल असं त्याच्या घरी धरून चालले होते. फीचे पैसे बाजूला काढलेले होते. त्यानं कुंडमच्या शाळेत मास्तरकी घेतली. त्याच्या वडिलांनी मला बोलावून विचारलं, "तिथं आहे तरी काय? जंगल अन् ताप. हे पोरगं काहून चाललं तिकडं?" मला ठाऊक होतं, पण मी मान खाली घालून बसलो. त्या माउलीनं, म्हणजे त्याच्या आईनं, आतून विचारलं, "कोणी मुलगी-बिलगी तर नाही ना?" मी नाही म्हटलं. असती तर किती बरं झालं असतं.

मी डिप्टी कमिशनरच्या कचेरीत चिकटलो. काही वर्षांनी विहिरींच्या पाहणीसाठी कुंडमला जायचा योग आला. वामन भेटला. वाळला होता, कानशिलावरचे केस पिकले होते, पण शाळेतली पोरं त्याच्या अंगाखांद्यावर होती. संध्याकाळी म्हणाला, "चल, मुंशीजींकडे जाऊ." तो रोज जायचा. शाळा सुटली की मुंशीजींच्या अंगणात जायचा, विहिरीवरून पाण्याच्या दोन घागरी भरून आणायचा, मग ओसरीच्या पायरीवर बसायचा. मुंशीजी वर बाजेवर. दिवेलागणीला उठून घरी. "काय बोलता?" मी विचारलं. "काही नाही," वामन म्हणाला. "ते बोलतील कधीतरी."

तो घागरी घेऊन विहिरीकडे गेला तेव्हा मुंशीजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बेटा, तुम साथ में खेलते थे ना? एक बात कहें, बुरा मत मानना। इनसे कह दो, अब अपने घर जाएँ।"

मी म्हटलं, "मुंशीजी, तो तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबलाय. तुम्ही त्याला माफ..."

मी मराठीतच बोललो होतो, पण त्यांना कळलं. "माफ़ करने को था ही क्या? बुखार तो वो हमारे ही घर से लेकर गया था।" मग विहिरीकडे बघत म्हणाले, "पर ये रोज़ सामने आकर बैठते हैं, तो लड़का भी रोज़ आकर बैठता है। हम बूढ़े हो गए, बेटा। अब उसे जाने दें।"

"तुम्हीच सांगा ना त्याला."

"हमसे न होगा। उसने हमारी जगह आग दी है।"

लॉरीच्या अड्ड्याकडे जाताना मी वामनला सांगितलं. सगळं, त्यांच्याच शब्दांत. तो चालता चालता थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची पानं पडली होती आणि वाऱ्यानं त्यांचा कोणी चालत असल्यासारखा आवाज येत होता.

"माफ केलं म्हणाले?"

"माफ करण्यासारखं काही नव्हतंच म्हणाले."

तो पुन्हा चालू लागला. मग म्हणाला, "तर मग इतकी वर्षं मी काय करून राहिलो होतो, नान्या?"

शाळेच्या परीक्षा उरकून त्यानं कुंडम सोडलं. आई-वडील तोवर अमरावतीला परत गेले होते, पण तिकडे जायचं त्यानं नाव काढलं नाही. जबलपुरात माझ्याकडे एक दिवस राहिला. माझ्या बायकोनं आग्रह करून वाढलं, त्यानं मुकाट्यानं खाल्लं, आमच्या धाकटीला मांडीवर घेऊन बसला. गोंदियाकडे कोणी चुलतभाऊ आहे, बघतो, म्हणाला. मी छोट्या लाइनच्या गाडीवर पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून माझा हात धरला. गाडीनं वेग घेतला तसा त्यानं तो सोडला. नंतर चौकशा केल्या. गोंदियाला चुलतभाऊ होता, पण वामन त्याच्याकडे पोचलाच नव्हता. अमरावतीलाही नाही. कोणी म्हणे बालाघाटच्या बाजूला एका शाळेत तसा मास्तर पाहिला, कोणी म्हणे ओंकारेश्वराला. मी दोन्हीकडे जाऊन आलो. तो कुठंच नव्हता.

प्रांताचं नाव बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी मी कचेरीला निघत होतो आणि फाटकात मुंशीजी उभे. आता फारच वाकले होते. काठी, खांद्यावर पडशी. कुंडमहून लॉरीनं आले होते आणि माझं घर विचारत विचारत इथवर पोचले होते. मी त्यांना व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं.

"मास्टर साहब का पता होगा तुम्हारे पास?"

नाही म्हणताना मला जड गेलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तसं वाटलंच होतं. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले. मी विचारलं, काही काम होतं का?

"काम क्या," ते म्हणाले. "हमने सोचा था, ये जाएँगे तो वो भी चला जाएगा। चला गया, बेटा। दोनों चले गए। अब शाम को कोई नहीं आता।"

मी कचेरीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसलो. आतून माझी बायको दारात येऊन उभी राहिली. मुंशीजींनी खांबाला पाठ टेकून डोळे मिटले.

"वो खेलता कैसा था? हमने तो कभी देखा नहीं। मास्टर साहब से रोज़ पूछना चाहते थे। सोचते थे, कल पूछेंगे।"

मी बॅक होतो. मला शिब्बू नेहमी मागून दिसायचा, लांब जाणारी पाठ आणि चिखलानं भरलेल्या टाचा. तो कसा खेळायचा हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो त्यांच्या अंगणात वर्षानुवर्षं पायरीवर बसून होता. तरी मी सांगायला लागलो.

"बहुत तेज़ था, मुंशीजी।"

"हाँ, वो तो था," ते डोळे न उघडता म्हणाले. "फिर?"